सही करण्याची मनाई असलेल्या अधिकाऱ्याचे अक्षर

चिनी सुलेखनात धावत्या लिपीतील तीन लेखनांना सर्वांत वरचे स्थान दिले जाते. पहिले चौथ्या शतकातील वांग शीची यांचे, दुसरे आठव्या शतकातील यान चनछिंग यांचे आणि तिसरे अकराव्या शतकातील सू शी यांचे. तिघेही सरकारी अधिकारी होते आणि तिन्ही लेखनांत खाडाखोड आहे. दरबारात सादर करण्यासाठी घोटून लिहिलेली ही अक्षरे नव्हेत. हाताने मनाच्या वेगाने धाव घेतली तेव्हा कागदावर जे उमटले, ते तसेच राहिले आणि पुढच्या पिढ्यांनी त्यालाच शिरोधार्य मानले.

यांपैकी सू शी यांच्या लेखनाविषयी मला लिहायचे आहे. ह्वांगचौ या गावी हद्दपारीत असताना शीत अन्नाच्या सणावर केलेल्या दोन कवितांचा, त्यांनी स्वहस्ते लिहिलेला हा कागद आज तैपेईच्या राष्ट्रीय प्रासाद संग्रहालयात आहे. त्यांच्याविषयी जे वाचायला मिळते त्यात अधिकारी सू शी आणि कलावंत सू शी यांची बहुधा फारकत केलेली असते. नोकरी पोटापाण्यासाठी, छळ दुर्दैवाने वाट्याला आलेला, आणि कविता, अक्षर व चित्र हेच काय ते खरे जीवन, अशी ती मांडणी असते. हे लेखन मी जितक्या वेळा पाहिले तितके मला ते पटेनासे झाले. ह्वांगचौच्या पावसात लिहिलेल्या या दोन कवितांमधले दुःख कारभारातून दूर केलेल्या माणसाचे दुःख आहे, आणि ते वगळले तर त्यांचे अक्षरही नीट वाचता येत नाही, असे माझे मत आहे.

सू शी यांचा जन्म १०३७ साली सध्याच्या सिचुआन प्रांतातील मेशान येथे झाला. वडील सू शुन आणि धाकटे भाऊ सू च हे दोघेही पुढे मोठे लेखक म्हणून गाजले. १०५७ साली दोघे भाऊ राजधानी कायफंगमध्ये सर्वोच्च परीक्षेत उतरले. त्या परीक्षेची एक पद्धत इथे सांगितलीच पाहिजे. उमेदवाराचे नाव झाकले जाई आणि परीक्षकाने हस्ताक्षर ओळखून पक्षपात करू नये म्हणून सगळ्या उत्तरपत्रिका कारकुनांकडून नव्याने लिहवून घेतल्या जात. मुख्य परीक्षक ओयांग शिउ यांना एक निबंध अतिशय आवडला. पण तो आपलाच शिष्य चंग कुंग याचा असावा अशी शंका आल्यामुळे त्यांनी त्याला दुसरा क्रमांक दिला. निबंध सू शी यांचा होता. ज्याच्या अक्षराचा एकेक चिटोरा पुढे लोक जिवापलीकडे जपणार होते, त्याची निवड त्याचे अक्षर न पाहता झाली.

पुढची वीस-बावीस वर्षे सरकारी सेवेत गेली. मंत्री वांग आनशी यांनी सम्राट शनचुंग यांच्या पाठिंब्याने कर्ज, कर, मीठ आणि सैन्यभरती यांबाबत मोठे बदल सुरू केले. त्यामागचा हेतू वाईट नव्हता, परंतु गावपातळीवर त्यांची अंमलबजावणी जाचक होत होती आणि सू शी यांना ती रोज डोळ्यांसमोर दिसत होती. त्यांनी विरोध केला, राजधानीबाहेर बदली मागून घेतली आणि प्रांतोप्रांती काम करीत राहिले. १०७७ साली पीत नदीला आलेल्या पुराने श्युचौ शहराला वेढा घातला, तेव्हा श्रीमंत लोक गाव सोडून निघाले होते. सू शी यांनी त्यांना माघारी फिरवले, स्वतः तटबंदीवर मुक्काम ठोकला आणि सैनिकांना बरोबर घेऊन बांध उभा केला.

याच काळात ते कविता लिहीत होते. डोंगरावर कोंब खुडायला जाणाऱ्या सत्तर वर्षांच्या म्हाताऱ्यावर त्यांची एक छोटी कविता आहे. शाओ संगीत ऐकल्यावर कन्फ्यूशियसला तीन महिने मांसाच्या चवीचे भान राहिले नव्हते, अशी जुनी कथा आहे. त्या कथेचा आधार घेऊन सू शी म्हणतात, की या म्हाताऱ्याला चव लागत नाही ती संगीताच्या तंद्रीमुळे थोडीच. गेले तीन महिने त्याच्या जेवणात मीठच नाही. मिठाच्या सरकारी मक्तेदारीवर याहून नेमके बोट कोणत्या अहवालाने ठेवले असते?

१०७९ साली हूचौचे प्रमुख असताना त्यांना अटक झाली. सम्राटाला पाठवलेल्या आभारपत्रातील एक-दोन वाक्ये निमित्त ठरली, आणि छापील कवितासंग्रह पुरावा म्हणून पुढे आला. ज्या कार्यालयाच्या कोठडीत त्यांना ठेवले, त्याच्या आवारातील झाडांवर कावळे असत, म्हणून त्याला लोक कावळ्यांचा चौथरा म्हणत आणि हा खटलाही त्याच नावाने ओळखला जातो. ओळीओळीचा अर्थ विचारला गेला. सरू वृक्षावरच्या एका कवितेत, मुळे पाताळापर्यंत सरळ गेली आहेत आणि हे फक्त तिथे दडलेल्या नागराजालाच ठाऊक आहे, असे म्हटले होते. सम्राट हाच आकाशातला नागराज. तेव्हा कवीला पाताळातला दुसरा नागराज हवा आहे, हा राजद्रोह नव्हे काय, असा अर्थ त्यातून काढण्यात आला. चार महिन्यांहून अधिक काळ ते कोठडीत होते. मृत्युदंडाची मागणी झाली होती. पण सम्राटाच्या आजीने रदबदली केली, आणि राजकारणातून निवृत्त झालेल्या वांग आनशी यांनीही त्यांच्या बाजूने शब्द टाकला असे सांगतात. अखेर शिक्षा झाली ती ह्वांगचौला पाठवणीची.

या शिक्षेचे स्वरूप मला फार महत्त्वाचे वाटते. त्यांना स्थानिक शिबंदीचे उपप्रमुख असे नावापुरते पद दिले होते, पण जागा सोडून जाण्याची परवानगी नव्हती आणि सरकारी कागदांवर सही करण्याची स्पष्ट मनाई होती. ज्या हाताने वीस वर्षे निवाडे, अर्ज आणि अहवाल लिहिले, त्या हाताची सही आता चालणार नव्हती. कविता लिहिण्यावर बंदी नव्हती, पण कवितेचे काय होते हे त्यांनी नुकतेच पाहिले होते. १०८२ साली लिहिलेल्या लाल कड्यावरच्या प्रसिद्ध गद्यकाव्याची प्रत त्यांनी पुढच्या वर्षी एका मित्राला स्वहस्ते करून पाठवली. तिच्या शेवटी त्यांनी लिहिले आहे, की हे आजवर एक-दोघांनीच पाहिले आहे, अनेक संकटे सोसल्यामुळे मला आता भीती वाटते, तुमचा माझ्यावर लोभ आहे तेव्हा हे खोल दडवून ठेवा आणि बाहेर काढू नका. ही प्रतही आज तैपेईच्या राष्ट्रीय प्रासाद संग्रहालयात आहे.

पैशाची ओढाताण होती. शिष्य छिन क्वान यांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी घरखर्चाची रीत सांगितली आहे. महिन्याच्या पहिल्या दिवशी साडेचार हजार नाणी काढायची, त्यांचे तीस भाग करून घराच्या आढ्याला टांगायचे, रोज पहाटे चित्रे टांगायच्या काठीने एक भाग खाली काढायचा आणि लगेच ती काठी लपवून ठेवायची. दिवसाचा खर्च दीडशेवर जाता कामा नये. त्यातून काही उरलेच तर ते बांबूच्या मोठ्या नळीत पाहुण्यांसाठी साठवायचे. चित्रांची काठी या कामाला लागली, हा तपशील त्या घराविषयी पुष्कळ काही सांगतो. मा चंगछिंग या जुन्या मित्राने खटपट करून लष्करी छावणीची पडीक जमीन त्यांना मिळवून दिली. शहराच्या पूर्वेच्या उतारावरची ती जमीन खापऱ्या आणि काटेरी झुडपांनी भरलेली होती. ती त्यांनी स्वतः राबून लागवडीखाली आणली आणि त्या उतारावरूनच दोंगपो, म्हणजे पूर्वेचा उतार, हे नाव घेतले. चीनमध्ये आजही लोक त्यांना याच नावाने ओळखतात.

अधिकार नव्हता म्हणून त्यांच्यातला अधिकारी गप्प बसला असे मात्र नाही. नदीपलीकडच्या अचौ भागात गरीब कुटुंबे दोनच मुलगे आणि एक मुलगी वाढवीत आणि त्यापुढचे अपत्य जन्मतःच पाण्यात बुडवीत, हे त्यांच्या कानावर आले. त्यांनी तिथल्या प्रमुखाला सविस्तर पत्र लिहिले. जाणूनबुजून अपत्य मारणाऱ्याला दोन वर्षांची सक्तमजुरी आहे, हे कायद्याचे कलम त्यात उद्धृत केले, ते गावोगाव भिंतींवर लावावे असे सुचवले, आणि गरोदरपणातच कुटुंबाला मदत पोहोचवण्याची व्यवस्था मांडली. ह्वांगचौत त्यांनी कू कंगताओ या स्थानिक गृहस्थाच्या साहाय्याने वर्गणी उभी केली. श्रीमंतांनी वर्षाला दहा हजार नाणी द्यायची आणि त्यातून तांदूळ, कापड, पांघरुणे विकत घेऊन गरीब बाळंतिणींना द्यायची. बिनपगारी, नजरकैदेतल्या माणसाने हे केले.

अशा परिस्थितीत १०८२ चा वसंत ऋतू आला. हिवाळ्यातील सर्वांत लहान दिवसानंतर १०५ व्या दिवशी चिनी लोक शीत अन्नाचा सण पाळत. त्या दिवशी चूल पेटवायची नाही आणि शिळे, थंड अन्नच खायचे. राजाने देऊ केलेली बक्षिसी नाकारून आईसह डोंगरात निघून गेलेल्या आणि तिथल्या वणव्यात जळालेल्या च्ये चथुइ या निष्ठावंत सेवकाच्या स्मरणाशी तो जोडलेला आहे. त्याला लागूनच पूर्वजांच्या थडग्यांवर जाण्याचा दिवस येतो.

सू शी यांची पहिली कविता सांगते, की ह्वांगचौला आल्यापासून तीन शीतान्नाचे दिवस गेले. दरवर्षी वसंत धरून ठेवावासा वाटतो, पण जाणारा वसंत ती सवड देत नाही. यंदा तर दोन महिने पावसाची अशी झड लागली आहे, की शरद ऋतूच आला असे वाटावे. रानसफरचंदाचा मोहोर चिखलात पडून माखल्याचे ते अंथरुणावर पडल्यापडल्या ऐकतात. दुसरी कविता अधिक जवळून बोलते. नदीचे पाणी दारातून आत येऊ पाहते आहे, लहानसे घर धुक्यात तरंगणाऱ्या कोळ्याच्या होडीसारखे झाले आहे. रिकाम्या स्वयंपाकघरात थंड भाजी शिजते आहे, मोडक्या चुलीत ओले बोरू जळत आहेत. आज शीतान्नाचा दिवस आहे हे कळावे तरी कसे? कावळ्याने चोचीत कागद धरलेला दिसला तेव्हा कळले. थडग्यांवर वाहिलेल्या कागदी पैशांतला तो तुकडा. राजाचे दार नऊ वेशींच्या आत आहे, आईवडिलांची थडगी हजारो कोसांवर आहेत. वाट संपली म्हणून रडावे म्हटले, तर विझलेल्या राखेवर फुंकर घालूनही ती उठत नाही.

या शेवटच्या चार ओळींपाशी मी नेहमी थांबतो. राजसेवा आणि मातापित्यांची सेवा ही त्या काळच्या शिकलेल्या माणसाची दोन कर्तव्ये, आणि दोन्हींची दारे एकाच वेळी बंद झालेली. मेशानच्या त्या थडग्यांमध्ये त्यांच्या पहिल्या पत्नीचेही थडगे होते. रस्ता संपताच रडणारा माणूस म्हणजे तिसऱ्या शतकातील रुआन ची. तो गाडी वाट फुटेल तिकडे नेई आणि वाट संपली की रडून परत फिरे. राखेचा संदर्भ तर थेट तुरुंगातला आहे. हान काळातील हान आनकुओ हा अधिकारी कैदेत असताना पहारेकऱ्याने त्याचा अपमान केला. विझलेली राख पुन्हा पेटणार नाही कशावरून, असे आनकुओने विचारले, आणि पुढे तो खरोखरच पदावर परतला. ही गोष्ट त्या काळचा प्रत्येक परीक्षार्थी जाणत होता. सू शी तिचा अर्थ उलटा करतात. माझी राख फुंकूनही उठत नाही, म्हणजे मला परत बोलावतील ही आशाही मी धरलेली नाही. हे दुःख पावसाचे वा एकटेपणाचे नाही. अधिकाऱ्यालाच सुचेल अशा संदर्भांतून ते बोलते. कागद धरलेला कावळा वाचताना मला त्या खटल्याच्या आवारातले कावळेही आठवल्याखेरीज राहत नाहीत.

आता अक्षर. कागद सुमारे ३४ सेंटिमीटर उंचीचा आहे. त्यावर उजवीकडून डावीकडे १७ उभ्या ओळींत १२९ अक्षरे आहेत. संग्रहालयाने उपलब्ध केलेले मोठे छायाचित्र पडद्यावर ओळीओळीने सरकवत पाहिले की चढत जाणारा वेग कळतो. पहिल्या ओळी लहान, सावरलेल्या आहेत. जसजसे पुढे जावे तसतशी अक्षरे मोठी होतात, शाई दाट होते. एका ठिकाणी एक अक्षर चुकले, त्याच्या बाजूला ठिपके देऊन ते रद्द केले आहे. जवळच ‘आजारी’ हे राहून गेलेले अक्षर बारीक करून घातले आहे. दुसऱ्या कवितेत ‘मोडकी चूल’ ही दोन अक्षरे एकदम मोठी आणि जड येतात. ‘ओले बोरू’मधल्या बोरूचा उभा फटकारा खाली लांबत जातो, आणि ‘कावळ्याने धरलेला कागद’ यातल्या कागदाचा फटकारा तर त्याहून लांब, पात्यासारखा, इतका की त्याखाली बरीच जागा दुसऱ्या कशाला उरत नाही. त्याच्या नंतरच राजाचे दार येते, आणि तिथे अक्षरे पुन्हा आवरून लहान होतात. मोडीच्या जुन्या दप्तरात लेखणी न उचलता गेलेली ओळ पाहिली, की लिहिणाऱ्याची घाई व निवांतपणा आपल्यालाही वाचता येतो. तसेच इथे आहे, फक्त इथे कुंचला असल्यामुळे दाबही वाचता येतो.

सू शी यांची कुंचला धरण्याची रीत रूढ नव्हती. ते तो बोटांत तिरपा धरीत आणि मनगट टेबलावर टेकवीत. म्हणून त्यांची अक्षरे रुंद, बसकी आणि किंचित कललेली येतात. त्यांचे शिष्य आणि मित्र, कवी व सुलेखनकार ह्वांग तिंगच्येन यांनी त्यांच्या अक्षराला दगडाखाली दबलेला बेडूक म्हटले होते, आणि सू शी यांनी ह्वांग यांच्या लांबलचक रेषांना फांदीवर लोंबणारा साप. दोघांचा जिव्हाळा इतका होता की हे एकमेकांना मोकळेपणाने म्हणता येत होते. शाई लहान मुलाच्या बुबुळासारखी काळीभोर आणि चकचकीत हवी, असा सू शी यांचा आग्रह असे. आपले अक्षर मनातून घडते, त्याला नियम नाही, असेही त्यांनी एका कवितेत म्हटले आहे. त्याच कवितेची पहिली ओळ अशी आहे, की माणसाची दुःखे अक्षरओळख झाली तेव्हापासून सुरू होतात. ती ओळ अटकेच्या दहा वर्षे आधीची आहे.

१०९० च्या दशकात ह्वांग तिंगच्येन यांच्यावरही हद्दपारीची वेळ आली. ११०० साली सिचुआनमध्ये त्यांना हा कागद पाहायला मिळाला आणि त्यांनी त्यावर अभिप्राय लिहिला. ही कविता आठव्या शतकातील थोर कवी ली पाय यांच्यासारखी आहे, किंबहुना ली पाय जिथे पोहोचले नाहीत तिथे ती पोहोचते. या अक्षरात यान चनछिंग यांच्यासह तीन पूर्वसूरींचे हात एकत्र आले आहेत. आणि सू शी यांना पुन्हा लिहायला सांगितले तर त्यांनाही हे साधेलच असे नाही. शेवटी ते म्हणतात, की कधी सू शी यांनी हे पाहिले तर बुद्ध नसलेल्या ठिकाणी मी स्वतःला पूज्य म्हणवून घेतले, असे म्हणून ते मला हसतील. ह्वांग यांची अक्षरे मूळ अक्षरांपेक्षाही मोठी आहेत. गुरुतुल्य मित्राच्या शेजारी इतक्या मोकळ्या हाताने लिहिणे हा मला त्या मैत्रीचाच पुरावा वाटतो.

या कागदाचा पुढचा प्रवास थोडक्यात सांगतो. तो छिंग सम्राटांच्या संग्रहात गेला, तिथून बाहेर पडला, १९२२ च्या सुमारास जपानी संग्राहक किकुची सेइदो यांच्याकडे पोहोचला. १९२३ च्या कांतो भूकंपात त्यांचे घर पेटले, तेव्हा जीव धोक्यात घालून त्यांनी तो बाहेर काढला. दुसऱ्या महायुद्धानंतर वांग शीच्ये यांनी तो विकत घेतला आणि १९८७ साली तो तैपेईच्या संग्रहालयात आला. त्याच्या खालच्या कडेला जळाल्याच्या खुणा आहेत.

राख उठली नाही असे म्हणणाऱ्या माणसाला पुढे परत बोलावले गेले. १०८९ साली ते हांगचौचे प्रमुख झाले. दुष्काळ आणि साथ दोन्ही एकदम आली होती. त्यांनी सरकारी कोठारातील तांदूळ बाजारात आणून भाव रोखले, शिल्लक निधीत पदरचे पन्नास लिआंग (सुमारे दोन किलो) सोने घालून रुग्णालय काढले, आणि शहराला गोडे पाणी देणाऱ्या सहा जुन्या विहिरींचे कुजके बांबूचे नळ काढून तिथे दगडी पन्हळीत बसवलेले मातीचे नळ घातले. पश्चिम सरोवर पाणवनस्पतींनी निम्मे बुजत आले होते. त्यांनी राजधानीकडे अर्ज केला, की हांगचौला हे सरोवर म्हणजे माणसाला डोळे आणि भुवया. मंजुरी मिळताच गाळ उपसला, तो टाकायचा कुठे या प्रश्नाचे उत्तर म्हणून त्याचाच सरोवर ओलांडणारा, सहा पुलांचा बांध घातला, आणि गाळ पुन्हा साचू नये म्हणून काठाची जागा शिंगाडे लावणाऱ्यांना खंडाने दिली, कारण शिंगाडा लावणारा दर वसंतात तण साफ करतोच. सुमारे २.८ किलोमीटर लांबीचा तो बांध आजही त्यांच्याच नावाने ओळखला जातो.

त्यानंतर पुन्हा वारे फिरले. १०९४ साली त्यांना दक्षिणेला ह्वेचौला आणि १०९७ साली थेट समुद्रापलीकडे हायनान बेटावर तानचौला धाडण्यात आले. ११०० साली परतीची परवानगी मिळाली आणि ११०१ साली वाटेत छांगचौ येथे त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी स्वतःच्या एका व्यक्तिचित्रावर त्यांनी चार ओळी लिहिल्या होत्या. मन राख झालेल्या लाकडासारखे, देह दोर नसलेल्या होडीसारखा. तुझ्या आयुष्याची कामगिरी काय असे विचारशील तर ह्वांगचौ, ह्वेचौ, तानचौ.

तिन्ही ठिकाणे शिक्षेची आहेत. या ओळींवर अनेकांनी भरभरून लिहिले आहे, आणि तिथेच त्यांची उत्तम कविता व अक्षर घडले हे खरेही आहे. तरीही मला ही यादी मान्य करवत नाही. तिच्यात श्युचौचा बांध नाही, हांगचौच्या विहिरी नाहीत, अचौच्या प्रमुखाला लिहिलेले पत्र नाही. हे सगळे गाळले, तर शीतान्नाच्या दुसऱ्या कवितेच्या शेवटच्या चार ओळींत राजाच्या दाराचा उल्लेख का यावा आणि त्याच्या आधीचा फटकारा इतका लांब का जावा, याचे उत्तर त्या यादीतून मिळत नाही.